उमरखेडच्या वहीतली रेघ

नागपूरहून उमरखेडची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे, तिळाचे लाडू आणि एक खरमरीत पत्र होतं. पत्र माझ्याच शोधनिबंधाबद्दल होतं. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी सापळ्यांत सापडलेल्या तिच्या पतंगांची रोजची मोजणी मी त्यात मांडली होती. माझ्या बाकीच्या निबंधांना कुत्रंही विचारत नाही, पण या एकाचा दाखला कीटकशास्त्रवाले देतात, हवामानवाले देतात, अर्थशास्त्रवालेसुद्धा देतात. त्याच्याच जिवावर मी ताठ मानेने फिरत होते. आता एका परदेशी अभ्यासकाने विचारलं होतं: आठवड्यातून एकदा पतंग शून्य आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट, असं कसं? किड्यांना वार कळतो का? मूळ नोंदी दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या.

मूळ नोंदींचे कागद आमच्या कार्यालयातून कधीच रद्दीत गेले होते. उमरखेडला रशीदभाई नावाचे मेकॅनिक आहेत. त्यांच्या घरामागच्या कपाशीत आम्ही सापळे लावले होते आणि मोजणी त्यांच्याकडे सोपवली होती. त्यांच्याकडे एखादी प्रत उरली असेल, एवढीच आशा होती.

यवतमाळ सोडल्यावर सागाचं रान लागलं आणि आर्णीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरलो. एका बाजूला फुटलेला कापूस, दुसऱ्या बाजूला तूर. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे केल्या.

"कुठी चालल्या, बाई?"

"उमरखेडला. एक जुनी वही शोधायची आहे."

"वही? कागद कोन ठेवते वो? आमच्या घरी तं चुलीतच जाते."

शेंगा गोड होत्या, पण उरलेल्या मी रुमालात बांधून ठेवल्या.

उमरखेडला पोचायला दुपार झाली. रशीदभाई पाण्याचा पंप उघडून बसले होते. मला पाहताच तेलकट हात पुसत उठले. "अरे मॅडम, या या!" मी मोजणीच्या वहीचं विचारलं. "वही? मले काय मालूम? मोजाचं काम तं नसीमनं केलं."

नसीम म्हणजे त्यांची बायको. माझ्या निबंधात 'स्थानिक मदतनीस' एवढेच दोन शब्द होते. वर्षभर रोज सापळे पाहणारी एक बाई त्या दोन शब्दांत मावली आहे, हे मला आज कळत होतं. मला माझीच लाज वाटली.

नसीमभाभी दारातच म्हणाल्या, "पहिले जेवा. वही कुठी पळून नाही राह्यली."

म्हणजे वही होती! माझा जीव भांड्यात पडला. ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झणझणीत भाजी. नाकातून पाणी वाहत होतं, तरी मी तीन भाकरी खाल्ल्या. मग भाभींनी पेटीतून जुन्या ओढणीत गुंडाळलेली वही काढली.

तारीख, पुढे आकडा. तारीख, पुढे आकडा. आणि दर आठवड्याला एका तारखेपुढे आडवी रेघ.

"ही रेघ कसली?"

"बाजाराचा दिवस. मी बांगड्या घेऊन बाजारात बसत होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसाचे पतंग एकदम मोजले."

"मग शून्य का नाही लिहिलं?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "काहून लिहू? शून्य म्हंजे सापळा पाह्यला अन् पतंग नव्हता. मी तं पाह्यलंच नव्हतं. न पाह्यलेलं कसं लिहू?"

त्या रेघांच्या जागी शून्य मीच भरलं होतं. संगणक रेघ घेईना, मला घरी जायची घाई होती, आणि एक साधं पत्र टाकून विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी ते भाभींना सरळ सांगून टाकलं.

"होते चूक," त्या म्हणाल्या. "चाय ठेवू?"

त्यांच्या ओट्यावर बसून मी आकडे पुन्हा मांडले. दोन दिवसांचे पतंग दोन दिवसांत वाटले आणि निष्कर्ष जागच्या जागी राहिला. निबंध बचावला होता. फक्त चूक माझी होती, हे आता सगळ्यांसमोर लिहायचं होतं.

"भाभी, दुरुस्तीत तुमचं नाव छापू?"

"कायले?" म्हणून त्या हसल्या, रशीदभाईंकडे पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "छापा. पन हेही लिहा, का बाजाराच्या दिवशी मी नव्हती."

निघताना त्यांनी माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या आणि मी आणलेल्या लाडवांचा डबा रिकामा करून तुरीच्या शेंगांनी भरून दिला. परतीच्या गाडीत मी वहीच्या पानांचे काढून घेतलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. माझी अब्रू कोणा विद्यापीठाने नव्हे, या ओढणीतल्या वहीने राखली होती. हे ऋण मी कधी फेडू शकेन असं वाटत नाही.

दुरुस्ती छापून आली. तिच्यावर नसीमभाभींचं नाव माझ्या आधी आहे आणि बाजाराच्या दिवसाचं वाक्यही आहे. जुन्या निबंधाचे दाखले अजून वाढताहेत. दुरुस्तीचा दाखला मात्र आजवर कोणीही दिलेला नाही. माझ्या दाखल्यांच्या यादीत तिच्यापुढे शून्य आहे. आज सकाळीच मी ते पाहिलं, आणि पाहून लिहिते आहे.