आशाबाईंचा घुमारा

आशाबाईंचं डावं मनगट मोडलं ते पिठाच्या गिरणीच्या पायरीवरून घसरून. प्लास्टर दीड महिना राहिलं. निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण मनगट वाकेना. पातेलं धरता येई, कणीक मळता येई, ढोलकी मात्र वाजवता येत नव्हती. ढोलकीच्या डाव्या अंगाला तळहाताची टाच दाबून सरकवावी लागते, तेव्हा तो खोल ‘घूं’ निघतो. त्याला घुमारा म्हणतात. घुमारा नसला तर ढोलकी म्हणजे डब्यावर टिचक्या.

अकोल्याला जठारपेठेत दत्ताच्या देवळात दर गुरुवारी बायकांचं भजनी मंडळ बसतं. तिथं पेटीच्या डाव्या अंगाला आशाबाईंची जागा होती, बावीस वर्षं. माहेर दर्यापूरकडचं, शेतकऱ्याचं. सासरी येऊन एकतीस वर्षं त्यांनी बाजारात फाटक्या पोत्यांचा बारदाना शिवला, पायमशीनवर. मंडळातल्या बाकीच्या वकिलांच्या नाहीतर मास्तरांच्या घरच्या. देवळाबाहेर त्यांची आशाबाईंशी ऊठबस नव्हती. ढोलकी होती म्हणून बसणं होतं. हे कोणी बोलून दाखवत नसे. आशाबाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

पेटी वाजवून मुख्य गाणाऱ्या गोदाबाई निवृत्त शिक्षिका. त्या सरळ बोलल्या.

“आशाबाई, मूर्तिजापूरची स्पर्धा तीन महिन्यांवर आली. मी भगवंतला विचारून ठेवलंय, तो तबल्यावर बसेल. तुम्ही टाळ घ्या.”

“टाळ वाजवाले चौदा जणी हायेत, बाई. पंधरावी कायले पाह्यजे?”

“मग मनगटाचं काय करणार?”

“मनगटाचं नाई करत. ठेक्याचं करते. मले एक महिना द्या.”

गोदाबाईंनी महिना दिला. भगवंतला नाही म्हणून मात्र कळवलं नाही.

अमरावतीला नत्थुजी म्हणून ओळखीचे होते. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. ऐकू कमी यायला लागलं तसे घरी बसले. त्यांच्याकडे ड्रम मशीन पडून होतं. पाटीएवढं, वर सोळा बटनांची एक रांग, आवाजांची वेगळी बटनं आणि आवाज बदलायच्या डझनभर फिरक्या.

“हे पाहा आशाबाई,” नत्थुजी म्हणाले. “ज्या बटनाले लाईट, तिथं ठोका. बिनलाईट, तिथं गप. सोळा झाले का पुन्हा पयल्यापासून.”

“मंग यात वाजवनारा कोन?”

“तुमीच. पयले डोक्यात वाजवा, मंग बोटानं मांडा. यात पन्नास ठेके भरून येतेत कंपनीचे. तुमाले किती पाह्यजे?”

“एकच. पन खरा.”

नत्थुजी हसले आणि मशीन पिशवीत घालून दिलं.

आशाबाईंनी चौकोनांची वही आणली. भजनी ठेक्याच्या मात्रा आठ. एका मात्रेला दोन चौकोन, म्हणजे सोळा. रांग बरोबर बसली. उजव्या हाताचे बोल त्यांनी स्वतःच्याच ढोलकीवर वाजवून मशीनमध्ये घेतले. ‘ता’ चाळीस वेळा घेतला, एकोणचाळीस पुसले. मग एक चूक सापडली. ठोके एकसारखे जोरानं येत होते. माणूस तसं वाजवत नाही. दुसरा ठोका त्यांनी हलका केला, सहावा त्याहून हलका. हे एका दिवसाचं काम.

घुमाऱ्याला नऊ दिवस लागले. डावा हात चालत नव्हता, तेव्हा तो आवाज मशीनमध्येच घडवायचा होता. मशीनमध्ये मोठ्या ढोलाचा एक आवाज होता. तो वरून खाली पडायचा, ट्रकातून पोतं टाकल्यासारखा. धप्प. घुमारा खालून वर चढतो. आशाबाईंनी लांबीची फिरकी फिरवली, सुराची फिरवली. पोतं लहानमोठं झालं, पडायचं थांबलं नाही. सातव्या दिवशी तिसरी फिरकी मधल्या खुणेच्या डावीकडे गेली आणि आवाज उलटा वर चढला. जास्तच चढला.

शेजारच्या पार्वताबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, “आशे, म्हैस बांधली काय व घरात?”

“वगार हाये अजून. म्हैस झाली का सांगते.”

आणखी दोन दिवसांनी पार्वताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “काहून व, हात बरा झाला तुया?” आशाबाईंनी फिरक्यांच्या जागा वहीत लिहून ठेवल्या आणि त्या दिवशी मशीन बंद केलं.

महिना भरला. गुरुवारी देवळात मशीन आणलं, पण विजेचा पॉइंट दाराजवळ एकच. आशाबाई चपलांजवळ बसल्या. ठेका सुरू झाला, टाळकरणींनी माना वळवून पाहिलं. पहिलं कडवं चांगलं गेलं. कडवं संपवून धृपदावर यायच्या वेळी गोदाबाईंचा सूर अजून लांबलेला आणि मशीन मात्र पहिल्या मात्रेवर पोचलेलं. अर्धे टाळ मशीनबरोबर गेले, अर्धे गोदाबाईंबरोबर. दुसऱ्या कडव्यालाही तेच. तिसऱ्याला गोदाबाईंनी पेटीचा भाता सोडून दिला.

“हे वरातीत चालेल, आशाबाई,” टाळकरणींमधल्या सीमाताई म्हणाल्या. “नाचायला.”

हशा पिकला. गोदाबाई हसल्या नाहीत. “यंत्राला भजन कसं कळणार? तुम्ही मेहनत घेतली, दिसतंय. पण मी भगवंतला सोमवारी नक्की सांगते.”

“सोमवारी कायले? पुढच्या गुरुवारी सांगजा. सात दिवस अजून.”

घरी येऊन त्यांनी मोबाइलवर तीन वर्षांपूर्वीच्या दत्तजयंतीच्या भजनाचा व्हिडिओ लावला. ढोलकी त्यांचीच होती. सोयाबीनचे दाणे घेतले आणि मात्रेला एक दाणा टाकत गेल्या. आठ, आठ, आठ. धृपदावर येताना नऊ. चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजलं. नऊच. पुढच्या कडव्याला दहा. त्याच्या पुढं पुन्हा नऊ.

धृपदाच्या आधी गोदाबाई श्वास घेत होत्या आणि आशाबाईंचा हात थांबत होता. नुसता थांबत नव्हता, श्वासाखाली एक लांब घुमारा धरून ठेवत होता. बावीस वर्षं. विचारलं असतं तर आशाबाईंनी देवासमोर आठ सांगितलं असतं. पोत्याचे टाके न मोजता सांगणारी बाई, आपला हात काय करतो ते तिला माहीत नव्हतं. स्वतःचाच राग आला त्यांना. पण रागाचा काही उपयोग नव्हता.

नववी मात्रा मशीनमध्ये घालून पाहिली. एका कडव्याला बसली, पुढच्याला निसटली. श्वास आधी सांगून येत नाही. सकाळच्या गाडीनं त्या अमरावतीला गेल्या.

“मशीनले थांबता येत नाई काय हो?”

नत्थुजींनी कानाला हात लावून दोनदा ऐकून घेतलं. मग खोक्यातून पायानं दाबायचा एक खटका काढला. “हा दाबला का गप. पुन्हा दाबला का पयल्या मात्रेवर हजर. आमच्या बँडातल्या पोट्ट्याईनं फेकून देल्ला होता. म्हनत, पाय वेळेवर पडत नाई.”

“त्याईचा नसन पडत.”

पायमशीनवर जाड जोड आला की पाय आपसूक थांबायला लागतो, नाहीतर सुई तुटते. आशाबाईंनी पहिल्या वर्षी अकरा सुया तोडल्या होत्या, शेवटच्या दहा वर्षांत एकही नाही. त्यांनी जुनं भजन लावून खटका दाबायला सुरुवात केली. दिवसाला दोनशे वेळा, मोजून. खटका दाबून मशीन गप करायचं, उजव्या हाताच्या बोटानं घुमाऱ्याचं बटन दाबून लांब ‘घूं’ द्यायचा, गाणारीचा ओठ हलला की पाय. पहिल्या दिवशी दोनशेत एकशेदहा जुळले. बुधवारी एकशेशहाण्णव.

गुरुवारी टाळ दोन बाजूंना फुटले नाहीत. गोदाबाई म्हणाल्या, “ठीक आहे.” पण भगवंत मूर्तिजापूरला येणारच होता. “असू दे बरोबर,” त्या म्हणाल्या. “वेळ सांगून येत नाही.”

स्पर्धेत भगवंत पहिल्याच रांगेत बसला, मांडीशी तबल्याची पिशवी. गोदाबाईंनी हात केला असता तर दोन मिनिटांत मंचावर आला असता. आशाबाईंना तो समोरच दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहणं सोडलं आणि गोदाबाईंच्या ओठांकडे पाहत राहिल्या.

दोन कडवी गेली. धृपद झालं. तिसऱ्या कडव्याला गोदाबाईंचं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ओळ विसरली होती.

पाय आधीच पडला होता. मशीन गप. आशाबाईंनी घुमारा दिला, लांब. संपत आला तसा दुसरा दिला. टाळ हातात थांबले. चौदा जणी आशाबाईंच्या पायाकडे पाहायला लागल्या. सभामंडपाला वाटलं, असंच बसवलेलं असेल. तिसरा घुमारा सुरू असताना गोदाबाईंनी चष्म्यावरून डावीकडे, आशाबाईंच्या पायाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओळ सापडली. पहिलं अक्षर आणि पाय एकदमच पडले.

मंडळाचा तिसरा नंबर आला. उतरताना भगवंत आशाबाईंजवळ आला. “काकू, मी असतो तं ठेका सोडला नसता. बाई एकट्या पडल्या असत्या.”

“तुया तबला चांगला हाये, बाप्पा. पन तू त्याईच्या बाजूले बसला कुठं बावीस वर्षं?”

पुढच्या गुरुवारी आशाबाई देवळात आल्या आणि सवयीनं दाराजवळच्या पॉइंटकडे वळल्या. त्यात आधीच एक वायर खोचलेली होती. नवी, पांढरी, लांब. भिंतीच्या कडेनं गेलेली, सतरंजीखालून पेटीच्या डाव्या अंगाला निघालेली. तिच्या टोकाला बोर्ड ठेवून गोदाबाई पेटी पुसत होत्या.

“इकडे या,” त्या म्हणाल्या. “तिथून तुमचा पाय दिसत नाही मला.”