तळपायाची तीट

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी नर्स आहे. तिथे माझा एक नियम सगळ्यांना पाठ झालाय: नाळेतून नळी घातलेल्या बाळाचे पाय झाकायचे नाहीत. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी आत सरकवतात. तिच्यातून तपासायला रक्त घेता येतं, रक्तदाब कळतो, बाळाला सारखं टोचावं लागत नाही. मोठी सोय आहे ती. पण कधीकधी तिच्यामुळे पायाकडे जाणारं रक्त अडतं, आणि ते आधी बोटांवर दिसतं. म्हणून कुणी हौसेने मोजे आणले की माझं डोकं फिरतं.

पेठकडच्या खेड्यातून आलेल्या एका आजीने मोजे नाही, काजळाची डबी आणली. सिझेरियन झालेली सून वरच्या वॉर्डात होती, त्यामुळे नातीला बघायला आजीच यायची. मूठभर पोर ती, आणि माझी पाठ वळताच आजीने तिच्या तळपायाला तीट लावली. मी ती पुसली आणि आजीला चांगलंच सुनावलं.

"नजर लागंल ना, ताई," ती म्हणाली.

"इथे माझी नजर असते तिच्यावर. दुसऱ्या कुणाची लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर त्याच पायाचा अंगठा काळसर. म्हटलं, म्हातारी काही ऐकायची नाही. ओला कापूस घेऊन मी तणतणतच पुसायला लागले.

"म्या नाय लावलं," आजी म्हणाली.

कापूस पांढराच राहिला. अंगठा थंडगार लागत होता आणि शेजारचं बोटही निळं पडत चाललं होतं. मी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर लगेच आले. त्यांनी नाळेतली नळी हळूहळू काढून घेतली आणि हाताला सलाईन लावलं. मी बाळाचा दुसरा, चांगला पाय कोमट कापडात गुंडाळला. आजीला ते पटेना. एका पायाला ऊब दिली की दुसऱ्याच्याही शिरा सैल होतात, असं मी तिला समजावलं.

"बोट जाईल का तिचं?" तिने विचारलं.

मला खोटं बोलवेना. "माहीत नाही, आजी. बघत राहायचं."

ती बघत राहिली. मी इतर बाळांकडे जाऊन यायचे, तेव्हा ती तशीच स्टुलावर, पायावर डोळे लावून बसलेली असायची. शेजारचं बोट आधी गुलाबी झालं. अंगठ्याने संध्याकाळ केली. तो गुलाबी झाला तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाळ घरी निघालं त्या दिवशी मीच म्हटलं, "आजी, आता लावा तुमची तीट."

तिने डबी उघडली. कपाळाला लावली, गालाला लावली आणि झाकण बंद केलं.

"आणि पायाला?"

"पायाला नको," आजी म्हणाली. "त्यो मला रोज बघायचा हाय."