दोन नावं सांगायची

आठवीत शाळा सुटली, म्हणून अमेरिकेचा इतिहास मला गाडीच्या आरशातून कळला. दुबईत मी ज्यांची गाडी चालवतो त्या अल बर्शातल्या साहेबांची मुलगी मागच्या सीटवर धडा मोठ्यानं वाचायची, मी विचारलं की समजावायची. तिकडे सुरुवातीला लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नसत. प्रत्येक राज्याची थोडी माणसं, आणि त्या प्रत्येकानं दोन नावं द्यायची. जास्त मतांचा तो अध्यक्ष, त्याखालचा उपाध्यक्ष.

हे मी अजमानच्या आमच्या फ्लॅटवर जेवताना सांगितलं. फ्लॅटचे मुख्य, रत्नागिरीचे चाचा, कायमचे गावी निघाले होते. कुणी राहायचं, कुठल्या बेडवर, हे मुख्यच ठरवतो. चाचा खूश. "वा रे ड्रायव्हर! खोलीमागे एक माणूस, माणसामागे दोन नावं. खलास!"

इलेक्ट्रिशियन दादा मुख्य हवा, हे सगळ्यांनाच मान्य होतं. माझी आधीची नोकरी गेली तेव्हा त्यानंच चाचांना सांगून मला इथे बेड मिळवून दिला. गावाकडची चूल त्याच्यामुळे विझली नाही. दोन नंबरला त्याचा दोस्त, सुपरवायझर. फक्त त्या सुपरवायझरचा चुलतभाऊ दुबईला यायचा होता, आणि त्याच्यासाठी सुपरवायझरची नजर माझ्या बेडवर होती.

शुक्रवारी चाचा नमाजहून आल्यावर तीन खोल्यांचे तिघे बसले. तिघांनीही तीच नावं घेतली, दादा आणि सुपरवायझर. एखाद्यानं दुसरं नाव गाळायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बरोबरी! सगळे हसलो. आता सुपरवायझर म्हणणार, दादा, तूच हो.

त्यानं बडीशेप तोंडात टाकली. "तीन त्याला, तीन मला. मी कशाला हटू?"

हसणं बंद. दादानं चाचांकडे पाहिलं.

"माझं रविवारी विमान आहे," चाचा म्हणाले. "आपसात बघा, इन्शाल्ला."

सोमवारी शाळेत सोडताना मी मुलीला विचारलं, "तिकडे असं कधी झालं का गं?"

"यस अंकल, टाय! दोघं सेम पार्टीचे. एक जण बाजूलाच होईना. पार्लमेंटमध्ये पुन्हा पुन्हा व्होटिंग. देन दे चेंज्ड द रूल."

"आधीच नाही बदलला?"

"नो अंकल. आफ्टर."

संध्याकाळी परतलो तर माझ्या बेडच्या पायथ्याशी नवी बॅग होती, विमानतळाची चिठ्ठी तशीच लटकत. दादा गॅलरीत पाठमोरा उभा.

"भाऊ आलाय," सुपरवायझर गोड आवाजात म्हणाला. "निकाल लागेपर्यंत टेकेल इथेच. चालेल ना?"

मी भिंतीकडे सरकून जागा केली.