मास्तर डॉक्टरांशी खोटं बोलले तो दिवस

सातवीत शाळा सोडली आणि सांगलीकडून नागपुरात येऊन पडलो, तेव्हा सदर भागातल्या एका टेलर मास्तरांनी मला जवळ केलं, कटिंग शिकवलं. त्याला बावीस वर्षं झाली. त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता.

मास्तरांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. हृदय आधीच कमजोर, किडनीही धड नाही. डॉक्टर म्हणाले, केमो झेपणार नाही. इम्युनोथेरपी देऊन बघू, पण जपून. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. सोबत एक कागद दिला: जुलाब लागले, दम वाढला तर त्याच दिवशी कळवा. मास्तरांच्या मुलाने तो न वाचताच फाइलमध्ये घातला. मी अक्षर अक्षर लावत वाचला.

तिसऱ्या डोसनंतर मास्तरांना जुलाब लागले. दिवसातून आठ वेळा मी धरून न्यायचो.

"डॉक्टरांना फोन करू का?"

"काही नको," मुलगा म्हणाला. "इंजेक्शन बंद करून टाकतील ते."

आणि उपाय म्हणून घरचा दहीभात चालू!

चौथ्या डोसला डॉक्टरांनी विचारलं, "पोट कसं आहे? दिवसभर काय करता?"

"एकदम बढिया," मास्तर ताठ बसून म्हणाले. "मशीनवरच राहतो दिवसभर." मुलाने मान डोलावली.

महिनाभर त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"खोटं आहे, डॉक्टर. आठ-आठ वेळा जातात. धरल्याशिवाय उठवत नाही."

"तुले कोणं विचारलं बे?" मुलगा उसळला. "नोकर आहे, नोकरासारखा राय."

डॉक्टरांनी डोस थांबवला, तिथूनच भरती केलं. म्हणाले, औषधाने अंगातली रोगाशी लढणारी ताकद जागी केली, ती आता आतड्यावरच उठली आहे. अशा शरीराला आणखी डोस जिवावर बेतला असता.

वॉर्डात मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले. "काहून बोलला गा? तेवढीच एक आशा होती मले."

"गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं तेव्हा तुम्ही किती ओरडता, मास्तर! आणि स्वतः काय केलंत?"

बोललो खरा, पण लगेच वाटलं, यांनी तोडलं तर या शहरात माझं कोण?

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "संडासले जायचं आहे. धर."

दाराशी सिस्टरने विचारलं, "सकाळपासून कितव्यांदा?"

मी तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, "सहाव्यांदा. लिहून घ्या."