फाट्यावरचं पाणी

मी इंग्लंडला निघाले तेव्हा बाबा मला सोडायला फाट्यापर्यंत आले होते. घनसावंगीहून जालन्याला जाणारी जीप उभी, बॅग टपावर चढलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. बाबांनी आपल्या पाणपोईतला रांजण उघडला, ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. "पाणी पिऊन जाय," म्हणाले. मी पिशवीतली सीलबंद बाटली दाखवली. "हाये माझ्याकडं. उशीर होऊन राह्यला." जीप निघाली. वळून पाहिलं तर ते भरला ग्लास हातात घेऊन तसेच उभे होते. खरं सांगते, मला चीड आली. पोरगी सातासमुद्रापार चाललीय आणि या माणसाला पाण्याची पडलीय!

बाबांना सगळं गाव फौजी म्हणतं. ते एका लढाईत डोंगरावर होते, तिथून पदक घेऊन परत आले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी फाट्यावर पाणपोई घातली. दर सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. सातवीत असताना मी त्यांच्यासमोर एक वीररसाची कविता म्हटली. तिच्यात तोफा होत्या, शत्रूच्या रक्ताचे पाट होते, आणि कोणालाही तहान लागलेली नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा मात्र मधेच खुर्चीवरून उठून निघून गेले. मी दोन दिवस फुगून बसले होते.

आता मी तिकडच्या एका युनिव्हर्सिटीत युद्धकविता शिकवते. मी शिकवते त्या कवितांमध्ये तुतारी वाजत नाही. लढाई कधीच संपलेली असते. परत आलेला शिपाई जेवत असतो, लेकराला खेळवत असतो, लोक त्याच्या गळ्यात हार घालत असतात, आणि ज्याला तो मागे सोडून आला तो त्याच्या शेजारी येऊन बसलेला असतो. शिव्याशाप देत नाही, भांडत नाही, नुसता बसतो. मी बोर्डावर 'गिल्ट', 'ट्रॉमा' असे शब्द लिहिते आणि खाली रेघ ओढते. एका सेमिनारमध्ये एका मुलीने विचारलं, मग याला माफी कधी मिळते? मी म्हणाले, ते कविता सांगत नाही. तिने ते वहीत उतरवून घेतलं. मला मात्र एकदम तो फाट्यावरचा ग्लास आठवला, आणि क्लास संपल्यावर मी कॉरिडॉरमधूनच आईला फोन लावला. बाबा पाणपोई का चालवतात, एवढंच विचारलं.

आई म्हणाली, "एकदा तापात बडबडले व्हते, बाई. एक जण बाजूला जखमी होऊन पडल्ता. पाणी मागत व्हता. तुझ्या बाबांच्या बाटलीत दोनच घोट व्हते. ते यांनी स्वतःच पिऊन टाकले."

"मंग तो?"

"मंग काय. गेला."

या विषयावर माझ्या खोलीत पुस्तकांच्या चार फळ्या भरल्यात. त्यावरच माझं पोट चालतं. पण बाबांशी काय बोलावं हे त्यांतल्या एकाही पुस्तकात मला सापडलं नाही. त्यांतलीच एक कविता मी मराठीत आणली आणि रविवारी फोनवर त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. "तिकडं पाऊस हाय का?" त्यांनी विचारलं, आणि फोन आईकडे दिला.

यंदाच्या मे महिन्यात माझ्या भावाचा, मिलिंदचा फोन आला. "ताई, आता कोणीच थांबत न्हाई. सगळ्याच्या गाडीत बाटल्या हायेत. बाबा मात्र दिवसभर उन्हात बसून राह्यले. दोनदा चक्कर येऊन पडले. मी बंद करा म्हणलं तर बोलतच न्हाईत. तू सांग त्यांना, तुझं ऐकतील."

म्हणून मी आले. काय बोलायचं याची विमानात उजळणी केली. फाट्यावर जीपमधून उतरले तेव्हा मिलिंद मोटारसायकल घेऊन उभाच होता. पत्र्याखाली रांजण, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि शेजारी स्टुलावर बाबा, निम्मे झालेले. प्रवास कसा झाला, विचारलं नाही. ग्लास भरला आणि पुढे धरला.

या वेळी मी प्यायले. त्यांनी ग्लास घेतला, पुन्हा भरला. तोही प्यायले. तिसरा देताना ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली उतरतोय की नाही ते. मिलिंद मला डोळ्यांनी खुणावत होता, बोल ना. बाबा, आता बंद करा, एवढंच तर म्हणायचं होतं. चौथ्या ग्लासाला पोट तुडुंब भरलं.

घर म्हणजे काय, असं तिकडे कोणी विचारलं की पूर्वी मी शेत सांगायचे, आईच्या हातची भाकरी सांगायचे. आता काही सांगत नाही. मी अख्खा रांजण रिकामा केला तरी तो डोंगरावरचा माणूस तहानलेलाच राहणार, हे मला कळत होतं. बाबांनाही कळत असणार. ते पाचवा ग्लास भरत होते. मी हात पुढे केला.