तुळशीराममामांच्या दोन वह्या

गाडी थांबली की तुळशीराममामा आधी इंजिन बंद करायचे आणि मग सीटखालची वही काढायचे. पाय जमिनीला टेकायच्या आत लिहून झालं पाहिजे. हमाल ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभे, वर धान्याची पोती, रेशन दुकानाच्या दारात सकाळपासून बसलेली माणसं. आणि मामा स्टेअरिंगवर वही टेकवून एकेक अक्षर काढतायत. हणमंता हमाल जिभेला हाड नसलेला. तो खालून ओरडायचा, "मामा, पोती उतरवायचीत का मुहूर्त काढताय?" मामा मान वर न करता म्हणायचे, "पोचलो कवा ते लिव्हू दे बाबा. मागनं लिव्हलं की लबाडी शिरती."

हे बहात्तरच्या दुष्काळातलं. धाराशिवजवळच्या येडशी स्टेशनात मिलोचे, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीचे, मालगाडीचे डबे यायचे. आमच्या खरेदी-विक्री संघाचे ट्रक ती पोती तिथल्याच वाशी गावाकडच्या रेशन दुकानांत आणि दुष्काळी कामांवर पोचवायचे. ट्रक चार आणि ड्रायव्हरही चारच. त्यात मी सगळ्यात नवा. मुरुमकडचा, घरात कन्नड बोलणारा, सातवी अर्ध्यात सोडलेला. बायको आणि तान्ही मुलगी गावाकडं. येडशीत माझं कुणी नव्हतं. मामांनी मला जड गाडी शिकवली, सुपरवायझरकडं माझ्यासाठी शब्द टाकला आणि खोली मिळेपर्यंत महिनाभर बौद्धवाड्यातल्या आपल्या घरी जेवायला घातलं. मामी भाकरी वाढताना म्हणायच्या, "लाजू नगंस, तुझ्या मामाला लाजणारं माणूस आवडत न्हाय." आज वापीत एका गोदामाच्या फाटकावर बसून मी दोन घास खातो ते त्या माणसामुळं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं लिहायला जमेल न जमेल.

प्रत्येक गाडीला लॉगबुक होतं. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, चालवलेले तास, सही. ड्रायव्हरनं दिवसाला आठ तासांच्या वर चालवायचं नाही असा कायदा होता. पण स्टेशनात डबे तुंबलेले आणि कामांवर माणसं उपाशी. आम्ही पंधरा-सोळा तास चालवायचो आणि आठ लिहायचो. तेही रोजच्या रोज नाही. शनिवारी लिंबाखाली बसून आठवड्याचं एकदम. एका बैठकीतलं वाटू नये म्हणून दोन पेनं घ्यायची, एक निळं, एक काळं. शेवटी पानांना थोडं ग्रीस फासायचं. मी या कामात फार लवकर तयार झालो.

मामा त्या बैठकीला यायचे ते चहापुरते. आमच्याकडं बघून म्हणायचे, "लिव्हा, लिव्हा. आठ दिवसाची झोप वहीतच काढून घ्या. मंग गाडीवर जांभया देऊ नगा."

मामा कायद्याला धरून चालायचे असं नाही. तेही सोळा तास चालवायचे. पण सोळा चालवले तर सोळा लिहायचे आणि खाली एक ओळ जोडायचे: 'दुसरा ड्रायव्हर द्यावा.' सुपरवायझर वैतागायचे.

"मामा, दुष्काळ बघा जरा. दुष्काळात कसले आठ तास?"

"मंग सोळा लिव्हून घ्या की, सायेब. दुष्काळ हाय म्हणून लिव्हा. म्या गाडी उभी केली का?"

"सोळा लिहिले तर वर मला जाब द्यावा लागतो."

"त्येच्यासाठीच तर लिव्हायचं असतंय."

एकदा मीच विचारलं, "मामा, एवढा कशाला वाद घालता? कोण वाचतंय ते?" ते गाडीचं चाक ठोकून बघत होते. म्हणाले, "छप्पन सालानंतर वस्तीत रातची शाळा निघाली. तिशी वलांडल्यावर म्या पाटी धरली. बायकू हसायची. एक एक अक्षर गावायला आठ-आठ दिवस लागलं, सिद्राम. खोटंच लिव्हायचं व्हतं तर म्या अडाणी काय वाईट व्हतो?" त्यांची सहीसुद्धा तशीच होती. पाचही अक्षरं सुटी आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी छोटी रेघ.

ती सही मला दोन मिनिटांत जमली.

झालं असं की सुपरवायझरांनी मला बोलावून घेतलं. "तुझं अक्षर बरंय. मामांची दुसरी वही तू लिहीत जा. आठ तासांची. सही पण कर, ते काय करणार नाहीत." मी रोजंदारीवर. कायम करायची यादी त्यांच्याच हातात. मी लिहीत गेलो, दर शनिवारी. संघात अशी वही जाते हे मामांना ठाऊक होतं, पण ती कोण लिहितं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी दोनच्या सुमाराला, येरमाळ्याच्या पुढच्या वळणावर मामांची गाडी रस्ता सोडून खाली गेली. पोत्यांवर बसलेला हणमंता पोत्यांखाली सापडला. मी मागून माझी गाडी घेऊन येत होतो. आम्ही दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. दोन्ही पाय गुडघ्याखाली चेंगरले होते. त्याला माझ्या गाडीत घातल्यावर मामा परत आपल्या गाडीकडं गेले. मला वाटलं किल्ली घ्यायला गेले. त्यांच्या कपाळावरून रक्त येत होतं, आणि ते वहीत लिहीत होते. पुढं मी ते पान वाचलं: '२ वाजून ५ मिनिटे. मला झोप लागली. गाडी खाली गेली.' त्याच्या वर आदल्या दिवशीचे सतरा तास आणि त्या दिवशीचे पहाटेपासूनचे दहा.

संध्याकाळी सुपरवायझर म्हणाले, "सिद्राम, मामांच्या आठवड्याची वही आत्ताच पुरी कर."

"साहेब, अपघात झालाय."

"म्हणून तर सांगतोय."

मी बसलो आणि लिहिली. आदल्या दिवशी आठ तास, रात्री पूर्ण विश्रांती, त्या दिवशी नऊला सुरुवात. खाली सही.

चौकशी धाराशिवला होती. आदल्या दिवशी मामा माझ्या खोलीवर आले. दवाखान्यात हणमंताला बघून आले होते. पाय राहिले नव्हते. म्हणाले, "म्या वही दाखवणार हाय. झोप माझ्या डोळ्याला लागली, माझी चूक हायच. पण सतरा तास कुणी चालवायला लावलं तेबी दिसंल. संघाला मंग हणमंताचं काय तरी करावं लागंल." मी मान हलवली. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. मग मुलगी आठवली आणि मी चहा टाकला.

टेबलावर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या होत्या. मी साक्षीसाठी दाराशी उभा. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "एकीत सतरा तास, एकीत आठ. सही दोन्हीवर तुमची. खरी कुठली?"

मामांनी दुसरी वही जवळ ओढली. सहीवर बोट ठेवलं. माझी रेघ सरळ, एका दमात ओढलेली होती. मी सुटी रेघ काढायला विसरलो होतो. ते बोट कितीतरी वेळ तिथंच राहिलं. माझं अक्षर ते रोज बघायचे. मामींची पत्रं मीच तर लिहून द्यायचो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"दोन्ही माझ्याच, सायेब."

"म्हणजे एक खोटी तुम्ही लिहिलीत?"

"व्हय."

"मग दोन वह्या ठेवणाऱ्याची गाडीतली वही धरता येत नाही. संघात आलेली धरतो," साहेब म्हणाले. "आठ तास चालवून, झोप काढून भर दुपारी डोळा लागतो? दारू प्यायला होतात का?"

मामांनी नुसती वही मिटली. दाराची चौकट हाताशी होती, ती धरून मी उभा राहिलो.

ड्रायव्हरचा निष्काळजीपणा, असा निकाल झाला. मामांची नोकरी गेली, लायसन गेलं. संघाचा दोष निघाला नाही म्हणून हणमंताला काहीच मिळालं नाही. बाहेर पायरीवर मी मामांचे पाय धरायला वाकलो तर ते मागं सरकले.

"का म्हणालात तसं, मामा?"

"तू आत गेला असतास. खोट्या सहीला तुरुंग हाय." मग म्हणाले, "तुला राखलं, आन् हणमंताला बुडवलं. म्या सोता. आता कुणाला सांगू, मला येळ बघून लिव्हायची सवय व्हती म्हणून?"

हे ते रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. गाडीवर दुसरा ड्रायव्हर काही मिळाला नाही. वाशीच्या अलीकडं एका रस्त्याच्या कामावर मिलो घेऊन गेलो तेव्हा मामा तिथं खडी फोडताना दिसले. पगाराची रांग होती. मुकादमानं मस्टर पुढं केलं तशी त्यांनी न सांगता अंगठा शाईत बुडवला आणि नावापुढं टेकवला. मुकादमाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. रांगेत सगळेच अंगठे होते.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मामा, तुम्हाला सही येते की."

"येत व्हती." त्यांनी अंगठा मातीला घासला. मग माझ्या गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कवापासनं हाईस गाडीवर?"

"आज सकाळी निघालो, मामा."

मी आदल्या दिवशी पहाटे निघालो होतो. ते माझ्या लाल डोळ्यांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता तरी शिवी देतील.

"बरं," ते म्हणाले आणि हातोडी उचलून खडीच्या ढिगाकडं वळले.