सुमंतचे पाहुणे

माझा नवरा सुमंत रिटायर झाला तेव्हा वाटलं, आता घरातली चार कामं करेल. कसलं काय! इथे अमेरिकेत, आमच्या फ्रिस्को गावच्या रेल्वे क्रॉसिंगजवळ फोल्डिंग खुर्ची टाकून हा मालगाड्या बघत बसतो. इथल्या गाडीला मेक्सिकोचं नाहीतर कॅनडाचं इंजिन लागलं, की याच्या भाषेत 'पाहुणे आले'. मागे पवनचक्कीचं पातं किंवा विमानाचं धड असलं, की 'माल एक नंबर'. याचा मित्र राजीव तसलाच. दोघांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नुसता वात आणलाय.

त्या शनिवारी खरेखुरे पाहुणे यायचे होते. आमच्या सावनीचं धम्मदीपशी जमलंय. त्याचे आईवडील, गिरजाबाई आणि ज्ञानदेवराव, नागपूरहून आलेले, आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला येणार. ते बौद्ध, आम्ही कोकणस्थ. कोणाच्या तोंडून एखादा वाकडा शब्द गेला तर सगळंच फिस्कटेल, या भीतीनं सावनीची झोप उडालेली. "बाबा, प्लीज, आज नीट वाग," एवढंच तिचं मागणं.

सकाळी सुमंतला कोथिंबीर आणायला पाठवलं, तो जो गेला तो गेलाच. पाहुणे आले तेव्हा मी वडे तळत होते, सावनी वर तयार होत होती. धम्मदीपनंच कोड टाकून दार उघडलं. मी पिठाच्या हातांनीच आतून "या, बसा" केलं.

ते बसले, सावनी खाली आली, आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. लग्नासाठी काढलेल्या नव्या ग्रुपवर सुमंतचा मेसेज: 'पाहुणे आले. जुनाट, पार गंजलेले. मागचा माल मात्र एक नंबर. फोटो नंतर.'

ज्ञानदेवरावांनी चष्मा काढून ठेवला. सावनी रडायलाच लागली. मी इंजिन, मेक्सिको, पवनचक्की असं काहीबाही सांगत सुटले, आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

तेवढ्यात घामाघूम सुमंत आला. राजीवसाठीचा मेसेज भलत्याच ग्रुपवर गेल्याचं कळल्यावर त्यानं घाईघाईनं व्हिडिओ दाखवला. गंजकं इंजिन बघून ज्ञानदेवराव हसले. गिरजाबाई हसल्या नाहीत.

"इंजिनच होतं, पटलं," त्या म्हणाल्या. "पण त्या पाहुण्यासाठी तुम्ही उन्हात उभे राहिलात. आम्ही आलो तेव्हा दारात कोणीच नव्हतं. अशी दारं आम्ही फार बघितलीत, भाऊ."

सुमंत हळूच म्हणाला, "चुकलं माझं, ताई. परत बाहेरून याल का? मी दारात उभा राहतो."

मी कपाळाला हात लावला. बाहेर मरणाचं ऊन, वडे गार होतायत, आणि या माणसाला हे सुचतंय! ज्ञानदेवराव बायकोकडे बघत राहिले.

गिरजाबाई उठल्या, पदर सावरला आणि "चला, परत बाहेरून येऊ," असं नवऱ्याला म्हणत चपला घालायला दाराकडे निघाल्या.